जुन्या गाडीचे इंजिन तापते तेव्हा: कूलंटचा माग आणि दोषाचे निदान

जुन्या गाडीचे इंजिन तापू लागले की बहुतेक वेळा पहिला संशय थर्मोस्टॅटवर (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाला, म्हणजे कूलंटला, तापमानानुसार रेडिएटरकडे सोडणाऱ्या व्हॉल्व्हवर) जातो, तो बदलूनही फरक पडला नाही की वॉटर पंप, मग रेडिएटर, आणि शेवटी कोणीतरी ‘हेड गॅस्केट गेले’ (इंजिनाचे हेड आणि ब्लॉक यांच्यामधले सील फुटले) असा निकाल देऊन इंजिन उघडायला घेते. या क्रमाने गेल्यास दोष कधी ना कधी सापडतो हे खरे, पण तोवर बरेच चांगले भाग काढून टाकलेले असतात आणि मूळ कारण कोणते होते हे अखेरपर्यंत कळत नाही. म्हणून एकही नट ढिला करण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे मिळवावीत: इंजिन नेमके कोणत्या परिस्थितीत तापते, आणि कूलंट कमी होत असेल तर ते जाते कुठे. कूलिंग सिस्टिम बंदिस्त असते. काही आठवड्यांत नजरेत भरेल इतके कूलंट तिच्यातून कमी झाले, तर ते एक तर गाडीबाहेर गळले, नाही तर हीटरमधून गाडीच्या आत आले, नाही तर इंजिनाच्या पोटात गेले. या तिन्हींपैकी वाट कोणती हे सिद्ध झाल्याशिवाय भाग बदलायला घेऊ नयेत.

सुरुवात थंड इंजिनापासून

साधे पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, तर पाणी आणि एथिलीन ग्लायकॉल निम्मे-निम्मे असलेले कूलंट साधारण १०७ अंशांना. रेडिएटरची कॅप सिस्टिममध्ये साधारण १ बारच्या आसपास जादा दाब धरून ठेवते आणि त्यामुळे हा उत्कलनबिंदू १२५ अंशांच्या आसपास किंवा थोडा पुढे जातो. चांगल्या स्थितीतल्या गाडीतही कूलंट १०० अंशांच्या वर असू शकते ते याच जोरावर, आणि म्हणूनच गरम इंजिनाची कॅप उघडताच दाब सुटून आतल्या द्रवाची क्षणात वाफ होते आणि ती उघडणाऱ्याच्या हातावर, चेहऱ्यावर येते. रेडिएटरचा वरचा होज पाइप हाताने निर्धास्त धरता येईल आणि दाबल्यावर मऊ लागेल, तेव्हाच कॅपला हात लावावा. तेव्हाही जाड फडके ठेवून ती आधी थोडीच फिरवावी आणि फुसफुस पूर्ण थांबल्यावर काढावी. इलेक्ट्रिक फॅन असलेल्या पुष्कळ गाड्यांत इग्निशन बंद असतानाही फॅन अचानक सुरू होऊ शकतो, त्यामुळे पात्यांजवळ काम करताना त्याचा प्लग काढून ठेवावा. सांडलेले कूलंट लगेच पुसून धुवून टाकावे. एथिलीन ग्लायकॉल गोडसर असते, कुत्री-मांजरे ते चाटतात आणि थोडक्या प्रमाणातही ते त्यांच्या जिवावर बेतते.

थंड इंजिनाची कॅप उघडल्यावर आधी पातळी आणि रंग पाहावा. कूलंट गढूळ तपकिरी असेल तर आत गंज आहे. वर तेलाचा तवंग किंवा चिकट साय असेल तर तेल मिसळत आहे. मग कॅप उलटी करून रबर पाहावे. ही कॅप साधे झाकण नसून दोन व्हॉल्व्ह असलेला भाग आहे, आणि इतका स्वस्त भाग इतका दुर्लक्षिला जावा याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. तिची स्प्रिंग कमजोर झाली तर दाब टिकत नाही, कूलंट लवकर उकळते आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर जाते. तिच्या मध्यभागी असलेला छोटा व्हॅक्यूम व्हॉल्व्ह अडकला तर इंजिन थंड होताना राखीव टाकीतले कूलंट परत ओढले जात नाही. सकाळी वरचा होज पाइप चपटा होऊन आत ओढला गेलेला दिसला, तर तो दोष बहुधा याच व्हॉल्व्हचा असतो. नवी कॅप घेताना तिच्यावर छापलेला दाब मूळ कॅपइतकाच असावा. जास्त दाबाची कॅप लावल्याने जुने होज आणि रेडिएटरचे सांधे फुटतात.

काटा खरे बोलतो का?

पुढच्या सगळ्या निष्कर्षांचा आधार तापमानाचा काटा आहे, म्हणून आधी त्याचीच परीक्षा घ्यावी. काट्याला माहिती देणारा सेन्सर द्रवात बुडालेला असेल तरच बरोबर काम करतो. कूलंट बरेच कमी होऊन सेन्सर उघडा पडला की काटा वर जाण्याऐवजी खाली येतो, आणि इंजिन जळण्याच्या बेतात असताना चालकाला मात्र सगळे आलबेल दिसते. चढलेला काटा एकाएकी थंडाकडे घसरला तर गाडी ताबडतोब थांबवावी.

खात्री करण्यासाठी इन्फ्रारेड थर्मामीटर उपयोगी पडतो. तो थर्मोस्टॅटच्या घरावर धरावा; मात्र चकचकीत ॲल्युमिनियमवर तो हमखास कमी तापमान दाखवतो, म्हणून तिथे काळ्या टेपचा लहान तुकडा चिकटवून त्यावर नेम धरावा. काटा आणि थर्मामीटर यांत मोठी तफावत असेल, तर सेन्सर, त्याची वायर किंवा काटा यांत दोष आहे आणि इंजिन निर्दोष असण्याची शक्यता आहे. इंधन इंजेक्शनच्या अनेक जुन्या गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा आणि इंजिनाच्या कंट्रोल युनिटचा (इंधन किती सोडायचे ते ठरवणाऱ्या संगणकाचा) वेगळा असतो. हा दुसरा सेन्सर तुटला तर कंट्रोल युनिटला इंजिन कायम थंडच वाटते, ते जास्त इंधन सोडत राहते, सायलेन्सरमधून काळा धूर येतो आणि गरम इंजिन पुन्हा सुरू होताना त्रास देते, पण काटा मात्र अगदी बरोबर असतो. मल्टिमीटरने मोजल्यास अशा बहुतेक सेन्सरचा रोध २० अंशांना २ ते ३ हजार ओहम आणि ८० अंशांना काहीशे ओहम भरतो. गरम होताना तो सलग उतरत गेला पाहिजे.

कधी तापते यावरून

गाडी रहदारीत, उभ्या-उभ्या तापते आणि मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो, तर दोष हवेच्या प्रवाहात आहे, म्हणजे फॅनमध्ये. उलट, शहरात ठीक राहणारी गाडी वेगात किंवा चढावर तापते, तर कूलंटचा प्रवाह किंवा रेडिएटरची क्षमता कमी पडते आहे. सुरू केल्यापासून काही मिनिटांतच काटा चढतो तेव्हा थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकणे, सिस्टिममध्ये हवा अडकणे किंवा हेड गॅस्केट यांचा विचार करावा. आणि काटा कधीच मधोमध येत नसेल, हीटरही कोमट हवा फेकत असेल, तर थर्मोस्टॅट उघडा राहिला आहे. हा साधा वर्गवारीचा टप्पा निम्मे काम करतो, म्हणून दुसऱ्याची गाडी तपासतानाही मालकाला आधी हेच खोदून विचारावे.

इलेक्ट्रिक फॅन फिरत नसेल तर प्रथम फ्यूज आणि रिले पाहावेत, मग रेडिएटरमधल्या दोन तारांच्या फॅन स्विचचा प्लग काढून, इग्निशन चालू ठेवून, त्याची दोन टोके तारेच्या तुकड्याने जोडावीत. फॅन फिरला तर स्विच खराब आहे; नाही फिरला तर फॅनच्या मोटरला थेट बॅटरीची तार देऊन पाहावी. मात्र फॅनचे नियंत्रण कंट्रोल युनिटकडे असेल तर गाडीच्या वायरिंगचा आराखडा पाहिल्याशिवाय कोणतीही टोके जोडू नयेत. बेल्टवर चालणारा व्हिस्कस फॅन असेल तर बंद इंजिनावर तो हाताने फिरवावा. त्याने थोडा जड प्रतिकार केला पाहिजे. एका झटक्यात तो मोकळा गरगरत राहिला तर त्याच्या कपलिंगमधले सिलिकॉन तेल गेले आहे.

थर्मोस्टॅट तपासणे सोपे आहे. थंड इंजिन सुरू करून वरच्या होजला अधूनमधून हात लावावा: तो बराच वेळ थंड राहून, इंजिन ८० ते ९० अंशांच्या दरम्यान पोचल्यावर एकदम गरम झाला पाहिजे. सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट उघडा आहे, काटा लाल रेषेकडे गेला तरी थंडच राहिला तर तो बंद आहे किंवा पंप पाणी फिरवत नाही. शंका उरल्यास थर्मोस्टॅट काढून, दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात टांगून, थर्मामीटर ठेवून पाणी तापवावे. त्याच्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे आणि पाणी निवल्यावर पूर्ण मिटला पाहिजे. पातेल्याच्या तळाला तो टेकू देऊ नये, कारण तळ पाण्याहून जास्त गरम असतो.

इथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. तापणाऱ्या गाडीतून थर्मोस्टॅट कायमचा काढून टाकणे हा सर्रास केला जाणारा उपाय चुकीचा आहे. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोचते किंवा पोचतच नाही, इंधन जास्त जळते, न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये उतरते आणि पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर लवकर झिजतात. ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो, तिथे तो काढल्यावर काही कूलंट रेडिएटरला वळसा घालूनच फिरत राहते आणि गाडी उलट जास्त तापू शकते.

रेडिएटर बाहेरून स्वच्छ दिसला म्हणून आतून मोकळा असतो असे नाही. इंजिन गरम करून बंद करावे आणि इन्फ्रारेड थर्मामीटर जाळीवरून हळूहळू फिरवावा. तापमान एका बाजूकडून दुसरीकडे सावकाश उतरत गेले पाहिजे. मध्येच एखादा पट्टा चांगलाच थंड लागला तर तिथल्या नळ्या गाळाने बुजल्या आहेत. वेग वाढवल्यावरच तापणाऱ्या गाडीत एक माणूस ॲक्सिलरेटर दाबत असताना खालच्या होजकडे लक्ष ठेवावे: रबर मऊ झाले असेल किंवा आतली स्प्रिंग गंजून गेली असेल तर पंपाच्या ओढीने तो चपटा होतो आणि पाण्याची वाट बंद करतो. उभ्या गाडीत तो टणटणीत दिसत असल्यामुळे हा दोष पुष्कळदा निसटतो.

गळती शोधताना

जमिनीवर डाग नाही म्हणजे गळती नाही, असे धरू नये. बारीक गळतीचे कूलंट गरम धातूवर पडून तिथेच वाळते आणि मागे पांढुरकी, हिरवट किंवा गुलाबी खरपुडी ठेवते. ती होजच्या क्लिपखाली, रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाक्या ॲल्युमिनियमला जिथे दुमडून बसवलेल्या असतात त्या कडेला, थर्मोस्टॅटच्या घराच्या सांध्यावर आणि इंजिन ब्लॉकमधल्या वाटोळ्या पत्र्याच्या प्लगांभोवती शोधावी. वॉटर पंपाच्या दांड्याखाली एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. आतले सील झिजले की कूलंट तिथून ठिबकते. छिद्रापासून खाली वाळलेला ओघळ दिसला तर पंप बदलावा, ते छिद्र बुजवू नये, कारण मग तेच पाणी बेअरिंगमध्ये शिरते. बेल्ट काढून पुली वर-खाली हलवल्यावर खेळ जाणवला तरी पंप संपला आहे.

नजरेला काही सापडले नाही तर प्रेशर टेस्टर वापरावा. रेडिएटरच्या तोंडावर बसणारा हा हातपंप आहे. थंड इंजिनावर कॅपवर छापलेल्या दाबाइतकीच हवा भरून पंधरा मिनिटे थांबावे. दाब उतरला आणि बाहेर कुठेही ओल नसेल, तर प्रवाशाच्या बाजूची सतरंजी हाताने दाबून पाहावी. ती चिकट ओली असेल, गाडीत गोडसर वास येत असेल आणि काचेवर आतून तेलकट धुके धरत असेल तर हीटरचा कोअर (हीटरमधला छोटा रेडिएटर) गळतो आहे. काही गळती धातू थंड होऊन आकसल्यावरच उघडी पडते आणि काही फक्त गरम असताना, म्हणून ही चाचणी दोन्ही अवस्थांत करणे योग्य.

हेड गॅस्केटचा खटला

बाहेरही नाही, गाडीच्या आतही नाही, तरी कूलंट जाते, असे ठरले की हेड गॅस्केट, तडकलेले हेड किंवा ब्लॉक यांच्याकडे यावे. हे काम मोठे असल्याने इथे पुरावाही तितकाच भक्कम हवा, आणि ज्या खुणांवरून हा निकाल घाईने दिला जातो त्यांतल्या कित्येक फसव्या आहेत.

ऑइल भरण्याच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसणे ही त्यांतली सगळ्यात फसवी खूण. थोड्या अंतरासाठीच वापरल्या जाणाऱ्या गाडीत, विशेषतः थंड हवेत, इंजिनातला ओलावा झाकणाखाली साचून तशीच साय तयार होते. डिपस्टिकवरचे (ऑइलची पातळी मोजण्याच्या पट्टीवरचे) ऑइलही कॉफीच्या रंगाचे झाले असेल आणि त्याची पातळी वाढलेली असेल, तेव्हाच ती गंभीर मानावी. मग मात्र इंजिन अजिबात चालवू नये, कारण असे ऑइल बेअरिंगना वाचवू शकत नाही. तरीही ऑइल कूलर असलेल्या इंजिनात तो फुटूनही दोन्ही द्रव मिसळतात, आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल रेडिएटरमधल्या कूलरमधून फिरत असेल तर तो फुटल्यावर कूलंटमध्ये गुलाबीसर साय येते. पांढऱ्या धुराचेही तसेच: थंडीत सायलेन्सरमधून येणारी आणि थोड्या वेळात विरणारी वाफ नैसर्गिक आहे, इंजिन पूर्ण गरम झाल्यावरही दाट, गोडसर वासाचा पांढरा ढग येत राहणे नैसर्गिक नाही.

अधिक विश्वासार्ह खूण सकाळी मिळते. रात्रभर उभ्या गाडीचे इंजिन सुरू होताना अर्धा-एक मिनिट मिसिंग करते (एखादा सिलिंडर पेटत नाही), पांढरा धूर टाकते आणि मग नीट चालू लागते, तर रात्री एखाद्या सिलिंडरमध्ये कूलंट झिरपले असण्याची दाट शक्यता आहे. अशा वेळी सगळे स्पार्क प्लग काढून ओळीने मांडावेत. ज्या सिलिंडरमध्ये पाणी जाते त्याचा प्लग, आणि टॉर्चच्या उजेडात पाहिल्यास पिस्टनचा माथाही, वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ निघतो आणि शेजारचे काजळलेले असतात. स्टार्टर मारताना इंजिन मध्येच गच्च अडले तर जोर करू नये. सिलिंडरमध्ये भरलेले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून पाणी बाहेर फेकू द्यावे.

दुसरी खूण दाबाची. पूर्ण थंड इंजिन सुरू करून मिनिट-दोन मिनिटांतच, कूलंट कोमट होण्यापूर्वी, वरचा होज कडक झाला तर तो दाब उष्णतेचा नाही, ज्वलनाच्या वायूंचा आहे. याची रासायनिक चाचणी मला सगळ्यात पटते: कूलंटची पातळी थोडी खाली घेऊन रेडिएटरच्या तोंडावर टेस्टर बसवतात आणि वरची हवा त्यातल्या निळ्या द्रवातून ओढतात. ज्वलनवायूंतला कार्बन डायऑक्साइड मिसळला की द्रव पिवळा होतो. चाचणी इंजिन गरम असताना आणि काही मिनिटे घ्यावी. कूलंट टेस्टरमध्ये ओढले गेले तर निकाल बाद समजावा. मात्र रंग बदलला नाही म्हणून गॅस्केट निर्दोष ठरत नाही, कारण ते ज्वलनाच्या बाजूला न फुटता ऑइलच्या वाटेला किंवा बाहेरच्या कडेला फुटलेले असू शकते.

यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये निर्माण करतो तो दाब, मोजावे. गरम इंजिन, सगळे प्लग बाहेर, इंधन आणि इग्निशन तोडलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आणि बॅटरी भरलेली, अशा स्थितीत प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून घ्यावा. जुन्या पेट्रोल इंजिनांत तो साधारण ९ ते १३ बारदरम्यान असतो, डिझेलमध्ये त्याच्या दुपटीहूनही जास्त. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावा. आकड्यापेक्षा त्यांतला फरक जास्त बोलका असतो. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी भरले तर त्यांच्यामधले गॅस्केट फुटल्याची ती जवळजवळ कबुली आहे. एकच कमी असेल तर पेट्रोल इंजिनात त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. याच्या पुढची पायरी लीक-डाउन चाचणी: दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतील अशा फेरीत पिस्टन वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये हवा सोडावी आणि ती कुठून निसटते ते ऐकावे. ऑइलच्या झाकणातून सूं आवाज आला तर रिंगा, एअर फिल्टरकडून आला तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा तडा.

कूलिंग ठीक, तरी ताप

या सगळ्या चाचण्यांत कूलिंग सिस्टिम निर्दोष ठरली, तर उष्णता जास्त तयार होते आहे असे समजावे. इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे पडले असेल तर ज्वलन उशिरा होऊन सिलिंडरच्या भिंती आणि एक्झॉस्ट तापतात; इनटेकमधली हवेची गळती किंवा इंधनाचा अपुरा पुरवठा हवा-इंधनाचे मिश्रण पातळ करतो; चोंदलेला सायलेन्सर किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गरम वायू आतच अडवतो; अडकलेला ब्रेक इंजिनाला सतत ओझे ओढायला लावतो. चोंदलेल्या एक्झॉस्टसाठी इनटेकमधली ओढ मोजणारा व्हॅक्यूम गेज लावून पाहावा: आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) त्याचा काटा सुरुवातीला ठीक असतो, पण इंजिन मिनिटाला २५०० फेऱ्यांवर धरून ठेवल्यावर सावकाश घसरत जातो. निळा धूर हा ऑइल जळण्याचा पुरावा आहे, कूलंटचा नाही. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर तो आला तर व्हॉल्व्हची सील आणि वेग घेताना सतत येत राहिला तर रिंगा, असा ढोबळ भेद करता येतो.

दुरुस्तीनंतर

नवे कूलंट भरताना डिस्टिल्ड पाणी वापरावे. नळाच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत थर धरतात. रंग सारखा असला म्हणून दोन कूलंट एकाच जातीची असतात असे नाही, त्यामुळे आधीचे कोणते हे माहीत नसेल तर वर ओतण्यापेक्षा सगळे काढून, सिस्टिम धुवून नवे भरावे. हीटर पूर्ण गरमवर ठेवून, शक्य असल्यास गाडीचा पुढचा भाग उंच करून, सावकाश भरावे. हवा काढण्याचा स्क्रू असल्यास त्यातून बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत तो उघडा ठेवावा. मग इंजिन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवावे आणि फॅन किमान दोनदा सुरू होऊन बंद झालेला पाहावा.

राखीव टाकीवर पातळीची खूण पेनने करावी आणि पुढचे काही दिवस सकाळी, इंजिन थंड असताना, ती पाहून लिहून ठेवावी. पहिल्या एक-दोन दिवसांत पातळी थोडी उतरणे म्हणजे उरलेली हवा बाहेर पडणे, तेवढे भरून घ्यावे. त्यानंतरही ती उतरतच राहिली तर प्रेशर टेस्टर पुन्हा लावावा आणि तिन्ही वाटा पहिल्यापासून तपासाव्यात.